लिंबागणेशच्या माळावरची मादी

मंत्र, उतारे, अंगात येणं... असल्या गोष्टींची मी आयुष्यभर टर उडवली. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण लिहितो.

निजामाच्या अमलात मी लिंबागणेशला मास्तर होतो. शाळा सुटली की विंचवांच्या मागे! हैदराबादच्या एका साहेबांना मी नमुने पाठवायचो. पोटाखालच्या कंगव्यासारख्या फण्यांचे दात मोजायचे, पायांचे सांधे बघायचे, मग जात जुनी की नवी ते ठरवायचं. माझी बायको सरस्वती हसायची. "लेकीचं बारसं महिनाभर लांबवलंत आणि विंचवांना नावं शोधत बसलात!"

विंचू आणायचा सखाराम. गावात विंचू उतरवणारा तोच. आणि उतरवणाऱ्यानं विंचू मारायचा नाही, दुसऱ्याला मारायला द्यायचाही नाही, हा त्याचा नेम.

"मास्तर, चितर काढून सोडता नव्हं? मेला तर आमच्या हातानं ईख उतरायचं न्हाई."

"सोडतो रे!"

साफ खोटं. नव्या जातीचं वर्णन करायचं तर नमुना मारून ठेवावाच लागतो. सगळे स्पिरिटमध्ये जायचे.

त्या उन्हाळ्यात त्यानं एक काळपट तांबडी मादी आणली. फण्यांचे दात डावीकडे एकोणीस, उजवीकडे सतरा. चिमट्यानं धरताना तिचा डावा शेवटचा पाय तुटला, पाठीवर ओरखडा उठला — तेही मी लिहून ठेवलं. जात नवी होती! बाटलीचं बूच लाखेनं बंद केलं तेव्हा मी हवेत होतो.

दोन दिवसांनी भर दुपारी सरस्वती गोवऱ्या काढायला गेली आणि किंचाळली. विंचू तिथंच होता. त्यावर मी भांडं पालथं घातलं आणि सखारामला बोलावलं, कारण बीडचा दवाखाना बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर.

तो तिच्या पायावरून हात उतरवत राहिला. घामाघूम झाला.

"मास्तर, हात चालंना. खरं सांगा, मारला का एखादा?"

"अहो, काय ते सांगा ना त्यांना..." सरस्वती कशीबशी म्हणाली.

"नाही मारला," मी म्हणालो.

दिवस मावळायच्या आत ती गेली.

राख सावडून आल्यावर मी ते भांडं उचललं. मादी जिवंत होती. हातानं सवयीनं भिंग घेतलं. डावीकडे एकोणीस, उजवीकडे सतरा. डावा शेवटचा पाय तुटलेला. पाठीवर ओरखडा — जागच्या जागी. धावत जाऊन बाटली पाहिली. लाख शाबूत, आणि आत ती मादी तशीच मेलेली. दात जुळू शकतात, मान्य. पण माझ्या चिमट्याचा ओरखडा?

साहेबांना मी पुन्हा काही पाठवलं नाही. जिवंत मादी सखारामसमोर माळावर सोडली आणि त्याला सगळं कबूल केलं.

"तवाच सांगितलं असतं तर शेजारच्या गावचा उतरवणारा आणला असता," तो म्हणाला. "त्याचा हात साफ हाय."

त्या दोन माद्यांचा उलगडा मला अजून झालेला नाही. उताऱ्यावर माझा विश्वास आजही नाही. दुसरा आणला असता तरी ती वाचली नसती, हे मी स्वतःला सांगतो. रोज सांगावं लागतं.