दोन खोल्यांचे गाऱ्हाणे

गेल्या नाताळच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, आमच्याकडे तीन रात्री राहून निघालेल्या पुण्याच्या कुटुंबाकडून मी पैसे घेतले नाहीत. ते द्यायला तयार होते. गाडीत सामान ठेवून झाल्यावर घरातल्या कर्त्या माणसाने पाकीट काढले आणि विचारले, "काका, किती झाले?" मी म्हणालो, "राहू द्या हो. घरचेच तुम्ही." त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा मान हलवली. त्याने पाकीट मिटले, वाकून नमस्कार केला आणि गाडी मालवणच्या दिशेने गेली.

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात त्यांच्यासाठी बांधलेली खाज्याची पुडी होती. ती द्यायची राहिली होती.

"घेतलास नाय मां?" तिने विचारले.

मी फाटक लावायला वळलो.

"घरचेच मां ते? मगे त्येंचा आडनाव सांगा बघया."

मला आडनाव माहीत नव्हते. मी विचारलेच नव्हते.

आमचे घर मालवणहून मसुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. चिऱ्याचे, कौलारू. मागच्या बाजूच्या दोन खोल्या दोन वर्षांपूर्वी पाहुण्यांसाठी तयार केल्या. कल्पना बायकोची. ती गावात खाजगी बालवाडी चालवायची. मुले कमी होत गेली आणि बालवाडी बंद झाली. पुढच्याच महिन्यात तिने खोल्यांचे काम काढले. पंखे, गीझर, नव्या गाद्या, मच्छरदाण्या, सगळे तिच्या साठवणीतून. ओरोसच्या कार्यालयातले परवानगीचे काम मी केले. ते मला जमत असे.

वाटणी अशी होती की रांधायचे तिने आणि बोलायचे मी. सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी मासे, रात्री कोंबडी-वडे. जेवणाबद्दल कोणी तक्रार केल्याचे मला आठवत नाही. एका नागपूरकराने तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, एकशिपी चार वेळा मागून घेतली होती आणि नंतर दुपारभर झोपाळ्यावर पोट धरून बसला होता. बोलण्याच्या कामात फोन घेणे, वाट सांगणे, किल्ला आणि देवळे यांची माहिती देणे आणि शेवटी हिशेब करणे आले. फोनवर दर विचारला की मी म्हणे, "या तर खरे, बघू." लोक येत. निघताना विचारत. मी म्हणे, "तुम्हाला योग्य वाटेल ते." काही योग्य देत, बरेच कमी देत. जे "घरचेच" ठरत, ते काहीच देत नसत. पहिल्या वर्षी खोल्या भरलेल्या होत्या आणि खर्च निघाला नव्हता. दुसऱ्या वर्षीही तेच चालले होते.

मी एका दैनिकाचा वार्ताहर होतो, आधी तालुक्याचा, मग जिल्ह्याचा. आकडा विचारणे हेच काम. किती मंजूर झाले, किती खर्च झाले, उरलेले कुठे आहेत, हे मी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत बघून विचारत असे आणि आकडा मिळेपर्यंत खुर्ची सोडत नसे. त्याच नोकरीत मी पगारवाढ एकदाही मागितली नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी दर वर्षी मागायचा. काही वर्षी त्याला नकार मिळाला, काही वर्षी वाढ मिळाली. आम्ही बाकीचे चहाला जमलो की त्याच्या मागण्याची नक्कल करायचो. निवृत्त झालो तेव्हा त्याचा पगार माझ्या जवळजवळ दुप्पट होता. काम दोघांचे सारखेच होते.

ही सवय कुठून आली ते सांगता येते. माझ्या वडिलांच्या बागेत हापूसची कलमे होती. दर वर्षी मोहोर धरला की देवगडचा एक व्यापारी यायचा, झाडांखालून फिरायचा आणि ओट्यावर बसून विचारायचा, "काय धरायचे?" वडील म्हणायचे, "तुमका योग्य वाटात तां द्या." व्यापारी सभ्य होता. त्याला योग्य वाटेल ते तो देत असे. वडिलांनी आयुष्यात आंब्याचा भाव सांगितला नाही. घरात याला मोठेपणा म्हणत. आम्ही मुले ते शब्द त्याच सुरात एकमेकांना म्हणून दाखवायचो. त्यात चेष्टा नसे, अभिमान असे.

त्या अभिमानाला आधार देवळाचा होता. गावच्या देवळात गाऱ्हाणे घालण्याचा मान आमच्या घराण्याकडे आहे. गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे उभे राहून, सर्वांच्या वतीने, मोठ्या आवाजात केलेली मागणी. कोणाच्या मुलाची नोकरी, कोणाच्या होडीची जाळी, कोणाचे लग्न. घालणारा एकेक मागणे म्हणतो आणि जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा देतात. यात एक नियम आहे. गाऱ्हाणे घालणारा स्वतःच्या घरासाठी मागत नाही. त्याच्यासाठी मागायचे असेल तर दुसऱ्याने मागायचे.

हा नियम देवळापुरता आहे. आमच्या घराने तो उंबऱ्याच्या आत आणला. वडिलांनी तो आंब्याला लावला, मी पगाराला आणि नंतर खोल्यांना. कोणी तसे सांगितले नव्हते. देवापुढे स्वतःसाठी मागू नये हे कळण्याच्या वयात आम्हाला एवढेच कळले, की स्वतःसाठी मागणे हलके असते.

आमच्या शेजाऱ्याकडे असला कोणताही मान नव्हता. तो आधी रिक्षा चालवायचा. मग त्याने घरावर मजला चढवला, सहा खोल्या केल्या, खाली खानावळ काढली. गेटवरच दरांचा फलक लावला, मोठ्या अक्षरांत. आम्ही घरात त्याला 'पैशाचो' म्हणायचो. त्याच्या खोल्या भरल्या की तो जास्तीचे पाहुणे आमच्याकडे पाठवायचा. पुण्याचे कुटुंब त्यानेच पाठवले होते.

त्या मंगळवारी संध्याकाळी तो कुंपणापाशी आला. "दादा, पुणेकर गेले मां? किती सोडल्यानी?"

मी म्हणालो, "झाला ता झाला."

"म्हणजे काय नाय." तो हसला. "अरे दादा, माका आधी सांगितलंस असतंस तर मीच थंय येवन ऱ्हवलंय असतंय. माजी निजूची खोलीव भाड्यान गेली असती."

"चल मेल्या, आपली खानावळ बघ."

"तीच बघतंय. रांदपीण सोडून गेली माजी." मग तो दाराकडे बघून मोठ्याने म्हणाला, "वयनी, माजी खानावळ सांभाळशात? शिमग्यापर्यंत इचार करा. पगार तुमी सांगशात तो."

मी हसून घेतले. आत भांड्यांचा आवाज थांबला होता.

रात्री जेवताना बायकोने सांगितले, की ती विचार करते आहे. मी म्हणालो, आपल्या घरातली बाई दुसऱ्याच्या खानावळीत जाणे बरे दिसत नाही.

"फुकट जेवक घालना बरा दिसता?" ती म्हणाली. "शिमग्यापर्यंत बघतंय. ह्या खोल्यांनी आपलो खर्च काडलो तर मी खंय जाणा नाय. माजी चूल माका सोडूची नाय. पण नायतर जातलंय."

पुढच्या महिन्यात गावची जत्रा आली. सकाळी मी देवापुढे उभा राहिलो. लोक नारळ घेऊन आपली मागणी कानात सांगत आणि मी ती मोठ्याने म्हणत असे. शेजारी आला. म्हणाला, "खोल्येंसाठी घाल." मी घातले. "बा देवा म्हाराजा! ह्येच्या सहा खोल्यांका पावणे दी. एकव खोली रिकामी ऱ्हवता नये. केलेल्या कष्टाचो पैसो ह्येच्या पदरात पडांदे!" माझा आवाज मागच्या पारापर्यंत जातो असे लोक म्हणतात. "व्हय म्हाराजा!" लोक म्हणाले.

तेव्हा बायको बायकांच्या बाजूने पुढे आली. तिने नारळ माझ्यासमोर ठेवला नाही. शेजाऱ्यासमोर ठेवला. म्हणाली, "भाऊ, आमच्या खोल्येंसाठी तुमी घाला."

शेजाऱ्याने माझ्याकडे बघितले. मी गुरवाकडे बघितले. गुरव म्हणाला, "चलता. पण आटपशीर."

शेजारी माझ्या जागी उभा राहिला. त्याने घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! आज माज्या वयनीन तुज्यासमोर नारळ ठेवल्यान हा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या खोल्येंका पावणे कमी नाय, म्हाराजा! पावणे येतत, वडे खातत, ढेकर देतत. पण जाताना पाकीट जसा आणलेला तसाच घेवन जातत!"

कोणीतरी मागे हसले. मग बरेच जण हसले. "व्हय म्हाराजा!"

"त्यात पावण्यांची चूक नाय, म्हाराजा! आमच्या दादाच्या तोंडात सगळ्या गावासाठी मागणी आसत, आपल्या घरासाठी एक नाय! तर त्येच्या तोंडाक दोनच शब्द दी. 'इतके झाले.' जास्ती काय नको, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तो दुजोरा त्या सकाळचा सर्वांत मोठा होता. मी खाली फरशीकडे बघत होतो. पायाशी पडलेली जास्वंदीची पाकळी कोणाच्या तरी टाचेखाली चिरडली होती, ती मला अजून दिसते. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी बायकोकडे बघितले. ती हसत नव्हती. तिचे हात जोडलेले होते आणि डोळे मिटलेले होते. तिच्यासाठी ती थट्टा नव्हती. ती मागत होती.

घराजवळ आल्यावर मी म्हणालो, "सगळ्या गावासमोर करूक व्हया होता?"

"घरात सांगान दोन वर्षा झाली," ती म्हणाली.

त्यानंतर शिमग्यापर्यंत मोजकेच पाहुणे आले. पहिले बेळगावचे विद्यार्थी होते. त्यांच्याकडे बघून मी बायकोने ठरवलेल्या दराच्या अर्धेच सांगितले. नंतरचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी स्वतःच दर ठरवला आणि मी मान डोलावली. दोन्ही वेळा बायकोने काही विचारले नाही. दोन्ही वेळा मी विहिरीपाशी जाऊन ते दोन शब्द म्हणून बघितले. तिथे जमत होते.

शिमग्याच्या आधीच्या आठवड्यात कोल्हापूरचे एक जोडपे आले. दोन दिवस राहिले. निघताना नवऱ्याने ओट्यावर उभे राहून विचारले, "काय झाले आमचे?" मी समोरच्या पोफळीकडे बघितले आणि म्हणालो, "इतके झाले." आणि पूर्ण आकडा सांगितला. मला वाटले होते, त्याचा चेहरा बदलेल. तो बदलला नाही. त्याने नोटा मोजल्या, माझ्या हातात दिल्या आणि विचारले की पेट्रोलपंप कुठे आहे. मी सांगितले. त्याची बायको म्हणाली, "एवढ्यात असं जेवण कुठं मिळतंय? पुढच्या खेपेला आईलाच घेऊन येतो." गाडी गेली.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत माझ्या मनात वडिलांचे आंबे, माझा पगार आणि तो सहकारी येऊन गेले. त्याला दर वर्षी एवढेच करावे लागत असणार. विचारायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायचे.

मी नोटा घेऊन आत गेलो. बायको आडाळ्यावर, म्हणजे विळीवर, बसून नारळ खवत होती. मी पैसे तिच्याजवळ ठेवले. "सगळे दिल्यानी. मी सांगितलंय."

"आयकलंय," ती म्हणाली. "बरा झाला."

"मगे आता?"

तिने खवलेला नारळ एका बाजूला सारला. "मी काल भाऊक होय म्हटलंय."

"पण आज तर..."

"आज तुमी सांगितलास, खरा. पण तुमी सांगीपर्यंत माजो हात थांबलेलो. आता म्हणतले, आता गिळतले, ह्याच आयकत बसलंय हंय. दर पावण्याक माका ह्या जमाचा नाय. आणि एका पावण्यान वरस सुटना नाय." तिने पुन्हा नारळ घेतला. "तुमी सांगूक शिका. शनिवार-रविवारी खोल्ये उघडूया. तेवढे तुमी बघा."

शेजाऱ्याला तिने आदल्या दिवशी कुंपणापाशीच गाठले होते. तो नंतर मला म्हणाला, "दादा, वयनीन एकदाच सांगितल्यान. माका घासाघीस करूक जागाच ठेवक नाय."

शिमगा संपल्यावरच्या सोमवारपासून ती शनिवार-रविवार सोडून रोज सकाळी सातला शेजारच्या खानावळीत जाते. दुपारच्या जेवणाचा डबा ती तिथूनच आणते. आमच्या खोल्या शनिवारी-रविवारी उघडतात. पगार किती हवा, हे तिने स्वतः सांगितले होते, आणि पहिल्या महिन्यात तेवढाच मिळाला.