आडवं पडून पाहणारी बाई

नाशिकहून त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेत एका मळ्यातल्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देतात. मोबाइलवर फोटो पाहून आम्ही एक रात्र ठरवली आणि दिलेल्या वेळेच्या तासभर आधीच पोचलो. दार उघडंच होतं. आमच्यासाठी तयार केलेल्या पलंगावर पन्नाशीची एक बाई, खांद्यावर फडकं तसंच, गाढ झोपली होती.

ह्यांनी दार वाजवलं. बाई उठल्या, आम्हाला पाहिलं आणि तोंडाला पदर लावून खदखदून हसल्या. त्याच मालकीण होत्या.

"खोली आवरली का मी पाच मिनिटं आडवी होते," चादर बदलताना त्या सांगू लागल्या. "उभ्यानं सगळं चकाचकच दिसतं. पाहुणा आडवा पडून बघतो. वरची जाळी, पंख्याची कुरकुर, डोळ्यावर येणारं ऊन, सगळं त्यालाच कळतं. आज गादीनंच दगा दिला!" मग एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, मोबाइलवर वाईट नका लिहू हां. लोक ते वाचूनच येत्यात."

मी पाचही तारे दिले आणि लिहिलं, "गादी लय भारी. मालकीणबाईंनी स्वतः खात्री केली आहे."

परवा नणंद राहायला येणार होती. खोली आवरून मीही आडवी झाले. माळ्याखाली जाळं दिसलं. उठून काढलं, पुन्हा पडून पाहिलं. पुढचं नणंद सगळ्यांना सांगते: चार वेळा बेल वाजवली, आतून नुसतं घोरणं ऐकू येत होतं.