लाईन गेली, लाईन आली

फोन आला तेव्हा मी अकोल्यात चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. त्या उंच खुर्चीवर, एक डोळा झाकून, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचत. फोन प्रल्हादच्या बायकोच्या, सुमनवहिनींच्या भावाचा होता. प्रल्हाद गेला म्हणाला. सकाळी अंघोळीचं पाणी काढलं, बादली उचलायला वाकला आणि तिथेच... दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी बरं म्हटलं आणि फोन खिशात ठेवला. चष्मेवाल्याने विचारलं, काका, शेवटची ओळ? ती मी वाचून दाखवली. बरोबर वाचली. नंबर वाढलेला नाही, तो म्हणाला, आणि मी त्याला धन्यवादसुद्धा दिले.

अकोल्याहून अमरावती म्हणजे दोन-अडीच तासांचा रस्ता. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं, बाहेर कापूस वेचून झालेली पऱ्हाटी शेताशेतात उभी होती आणि मी ती बघत होतो. शेजारच्या माणसाने फुटाणे पुढे केले, तेही खाल्ले. सगळे सांगतात की नंतर केव्हातरी बांध फुटतो. सहा आठवडे झाले, माझा काही फुटला नाही. लोक मला खंबीर म्हणतात, मी ऐकून घेतो. खंबीर वगैरे काही नाही. दात काढण्याआधी हिरडीत सुई टोचतात ना, तसं सगळं बधिर झालं आहे, एवढंच.

प्रल्हाद आणि मी एकाच दिवशी टेलिफोन खात्यात लागलो, अकोल्याच्या एक्स्चेंजमध्ये. दोघांनाही पहिलं काम मिळालं ते बॅटरी रूमचं. गावातले सगळे फोन या खोलीच्या जिवावर चालत. कमरेएवढ्या बॅटऱ्यांच्या रांगा, ॲसिडचा वास, आणि रोज एकेका बॅटरीचं पाणी तपासून आकडा वहीत लिहायचा. इतरांना ती शिक्षा वाटे, प्रल्हादला नाही. माझ्या झाडून सगळ्या पँटींना ॲसिडची भोकं पडली आणि त्याच्या एकाही पँटीला पडलं नाही, यावरून काय ते समजा. सगळं गाव अंधारात असलं तरी फोन चालू राहतो, याचा त्याला फार अभिमान. "बाहीरच्या लाईनीचा भरोसा नाही, दिगांबर," म्हणायचा, "बॅटरीचा करंट मात्र साफ राह्यते." मीही ते मान्य करून टाकलं होतं. पुढे या मान्य करण्यानेच आमची फजिती केली, पण ते नंतर.

काही वर्षांनी त्याची अमरावतीला बदली झाली. रोज सकाळी दोन एक्स्चेंजमधली लाईन तपासायची असे. त्या टोकाला तो, या टोकाला मी. ऐकू येते का, येते, एवढंच बोलायचं काम. त्यात आम्ही पोरांची दुखणी, साहेबांच्या नकला, वहिनींच्या हातची पातोडी असं सगळं उरकून घेत असू. निवृत्त झालो आणि ते बोलणं थांबलं. जन्म टेलिफोन खात्यात काढलेला हा माणूस स्वतःहून कुणाला फोन करत नसे. कोण कशात असेल, आपण काहून मधात पडा, असं त्याचं म्हणणं. आणि माझं असं की निमित्त असल्याशिवाय माझाही हात फोनकडे जात नाही. अशी दोन माणसं एकमेकांचे मित्र असली की जे व्हायचं ते झालं. वर्षातून दोन फोन आणि कुणाच्या तरी लग्नात एक भेट.

मग त्याच्या मुलाने, तो बंगळुरूला असतो, एक जुना छोटा कॉम्प्युटर घरी आणून टाकला आणि प्रल्हादने त्याची फायरवॉल केली. फायरवॉल म्हणजे घरात येणाऱ्या इंटरनेटच्या दाराशी बसवलेला राखणदार. कोण आत येतो, कोण बाहेर जातो, ते तो पाहतो. मोठ्या ऑफिसांमधून असतात असे राखणदार. प्रल्हादच्या घरी राखायला होते दोन मोबाइल आणि एक टीव्ही. मी म्हटलं, अरे, चोराने न्यावं असं तुझ्याकडे आहे काय? तो म्हणाला, काही नसलं तरी झोपताना आपण कडी लावतोच ना. तो शिकत गेला. साठीनंतर माणसं भजनात रमतात, हा त्या कॉम्प्युटरच्या डब्यात रमला.

डब्याची एकच खोड होती. लाईन गेली की तो धाडकन बंद पडे आणि पुन्हा सुरू होताना रुसून बसे. आमच्या वऱ्हाडात वीज जात नाही, लाईन जाते. म्हणून लाईन गेल्यावर डबा थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा यूपीएस आला, आणि यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर त्या डब्यात आलं. यूपीएसपासून डब्यापर्यंत एक वायर. सॉफ्टवेअर त्या वायरीतून सारखं विचारत राहणार की लाईन आहे का, बॅटरी किती उरली. लाईन गेली की एक मेल, आली की दुसरा मेल, आणि बॅटरी अगदीच तळाला गेली की डबा शिस्तीत बंद. मेल जायला प्रल्हादने दोन पत्ते घातले, एक स्वतःचा आणि एक माझा. मला विचारलंही नाही. खात्यात फॉल्टची खबर दोन ठिकाणी जात असे, म्हणून.

पहिला मेल आला तेव्हा मी जेवत होतो. प्रल्हादच्या घरची लाईन गेली. मी उष्ट्या हातानेच फोन लावला आणि विचारलं, लाईन गेली काय रे? तो इतका हसला की मलाही हसू आलं. लाईन येईपर्यंत आम्ही बोलत होतो. आमच्याकडे मार्च सरता सरता कूलर सुरू होतात आणि मग लाईनीचं काही खरं नसतं. मेल आला की मी फोन लावायचा आणि लाईन येईस्तोवर बोलायचं, असं सुरू झालं. त्या उन्हाळ्यात सगळी अमरावती घामाने निथळत होती आणि आमचं दोघांचं झकास चाललं होतं.

एप्रिलच्या शेवटी ते बिघडलं. लाईन एकदा जाई आणि मेल पन्नास येत. गेली, आली, गेली, आली. घरातले पंखे इन्व्हर्टरवर आरामात फिरत असताना सॉफ्टवेअर मात्र बॅटरी संपली म्हणून डबा बंद करून टाकी. प्रल्हादने सॉफ्टवेअरलाच धरलं. ते काढून पुन्हा घातलं. वायर बदलली. देशोदेशीच्या लोकांनी नेटवर लिहिलेले उपाय उतरवून घेतले आणि एकेक करून पाहिले. रोज संध्याकाळी तो डब्यातली नोंद फोनवर वाचून दाखवी, मी इकडे अकोल्यात मान डोलवी. याच माणसाने धारणीला असताना केबलचा एक फॉल्ट दोन दिवस जंगलात हिंडून शोधला होता, आणि सापडल्यावर मला म्हणाला होता की फॉल्ट कधी लपत नाही, आपणच भलतीकडे पाहत असतो. याची मी त्याला आठवण करून द्यायला हवी होती. ते सोडून मीही सॉफ्टवेअरच्याच मागे लागलो.

त्याच दिवसांत नागपूरला माझ्या नातीचं बारसं होतं. नेमकी त्या दुपारी अमरावतीत लाईन गेली. पाळणा म्हणणाऱ्या बायका थांबून माझ्याकडे बघायला लागल्या इतका माझा फोन खणखणला. जावयाने तो माझ्या हातातून घेतला, दोन-तीन ठिकाणी बोट लावलं, आणि त्या पत्त्यावरून येणारे सगळे मेल आवाज न करता एका वेगळ्या कप्प्यात जाऊन पडायला लागले. काय सांगू किती बरं वाटलं. प्रल्हादला मी हे बोललो नाही.

शेवटी फॉल्ट सापडला तो वहिनींना. एप्रिलमध्ये घरात नवा इन्व्हर्टर आला, तेव्हा प्रल्हादने यूपीएस त्याच्याच बोर्डावर लावला होता. वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाल्या, इन्व्हर्टरवर पंखा घूं घूं करते, टीव्हीवर रेघा येतात, मंग तुमच्या डब्याले तो करंट कसा चालन? ही गोष्ट प्रल्हादने मला फोनवर सांगितली. साध्या इन्व्हर्टरचा करंट ओबडधोबड असतो. यूपीएसला ती लाईन आहे असं पटतच नव्हतं. घेई आणि सोडी, घेई आणि सोडी, आणि सॉफ्टवेअर बिचारं दिसेल तसं कळवत होतं. उमेदीची वर्षं बॅटरी रूममध्ये काढलेल्या आम्हा दोन शहाण्यांना बॅटरीकडून येणाऱ्या करंटवर संशय घ्यायचं काही सुचलं नव्हतं. प्रल्हादने यूपीएस सरळ लाईनीच्या बोर्डावर लावला आणि सगळं सुरळीत झालं.

म्हणजे त्याच्याकडे झालं. माझ्याकडे मेल गुपचूप कप्प्यात पडत राहिले. फॉल्ट निघाल्यावर मी तो कप्पा बंद करायला हवा होता. विसरलो असं इथे लिहिणार होतो, पण विसरलो नव्हतो. आज करू, उद्या करू असं चाललं, आणि खरं सांगायचं तर त्या शांततेची मला सवय झाली होती. अधूनमधून मी आपला अंदाजाने फोन लावत असे. मग तेही विरळ झालं. दिवाळीला केला होता, तब्येत विचारली, फराळाचं बोललो. तो शेवटचा.

प्रल्हादच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, आणि आठवड्याभराने वहिनींचा फोन आला. डब्याच्या खोलीतून सारखा टीं टीं आवाज येतो, मुलगा फोनवर सांगतो ते मला समजत नाही, तुम्ही एकदा पाहून जा, आणि काढून टाकण्यासारखं असलं तर काढून टाका, असं त्यांचं म्हणणं. मी गेलो. टेबलावर डबा, खाली यूपीएस, शेजारी एक प्लास्टिकची खुर्ची. यूपीएसची बॅटरी बसली होती, तिचाच तो आवाज. कधीपासून ढिली पडत गेली ते बघावं म्हणून मी माझ्या फोनमधला तो कप्पा उघडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

थंडी सुरू झाल्यापासूनचे मेल रोजचे होते. रोज दुपारी चारच्या सुमाराला लाईन गेली. पाच-दहा मिनिटांनी लाईन आली. रविवारी तेच, सणाला तेच. तो गेला त्याच्या आदल्या दिवशीपर्यंत. कूलर माळ्यावर गेले की आमच्याकडे लाईन अशी रोज जात नाही. मी वहिनींना विचारलं, इकडे चार वाजता काही काम चालू होतं का लाईनीचं?

"नाही जी. ते प्लग काढत," वहिनी म्हणाल्या. "चहा झाला का प्लग काढत अन् फोन घेऊन या खुर्चीवर बसत. मी म्हणत होती, तुमीच लावा न फोन, त्या डब्याले काहून तरास देता? तर म्हणत, मेल गेला हाये त्याले, करन तो."

"मंग?"

"मंग काय. थोडा वेळ बसत अन् प्लग लावून देत. म्हणत, कामात असन."

मी निवृत्त माणूस. दुपारी चार वाजता मी पेपरातलं कोडं सोडवत असतो.

मी वहिनींना सगळं सांगितलं. बारसं, जावई, कप्पा. मध्ये कुठे थांबलो नाही, ऑफिसात फॉल्ट नोंदवतात तसं सांगून टाकलं. वहिनी ऐकत होत्या. त्याहिले हे माईत नव्हतं ते बरं झालं, म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण तुमी सांगाले पाह्यजे होतं, भाऊजी." दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात म्हटली. मला वाटलं आता येईल रडू. नाही आलं. मी उठून बाजारात गेलो, त्या मापाची बॅटरी आणली, बसवली, टीं टीं थांबलं. मग खुर्चीवर बसून मी फोनमधला तो कप्पा काढून टाकला. अर्धं मिनिटही लागलं नाही, जावयाला विचारावं लागलं नाही. डबा काढायचा का असं मी विचारलं तेव्हा वहिनी नको म्हणाल्या. प्लग कोणता, दिवा कोणता, ते तेवढं त्यांनी मला दाखवायला लावलं.

परवा दुपारी कोडं सोडवत बसलो होतो आणि फोन वाजला. अमरावतीची लाईन गेली होती. मी पेपर बाजूला ठेवला आणि नंबर लावला. पहिल्याच घंटीला वहिनींनी उचलला.

"लाईन गेली का, वहिनी?"

"नाही, भाऊजी. मीच प्लग काढला."

मग त्या सांगायला लागल्या. मुलगा बंगळुरूला चला म्हणतो, जावं की नाही ठरत नाही. प्रल्हादचे शर्ट कुणाला द्यायचे तेही ठरत नाही, इस्त्री करून ठेवले आहेत. जेवण एकटीचं केलं तरी दोघांचं होतं. मी ऐकत होतो. माझा आवाज मध्येच कसातरी झाला, तो त्यांना कळला असणार. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "लावून देऊ का आता प्लग?"

"राहू द्या थोडा वेळ," मी म्हटलं. "बॅटरी नवी हाये."