बिनमेणाच्या दोऱ्या

गलबत कसं असतं हे मला साठी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. नगरकडच्या कर्जतच्या पुढं आमची वस्ती. तिथं भर पावसाळ्यातही ओढा वाहील याची खात्री नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. पुस्तकात गलबताचं चित्र असलं तरी मी ते नीट बघितलं नसणार, कारण शाळेतून आल्यावर मला शेळ्या घेऊन जायचं असायचं.

माझे धाकटे दीर तरुणपणी, इकडं काम नव्हतं तेव्हा, कोकणात गेले आणि तिथं समुद्राकाठी लाकडी होड्या बांधायच्या कारखान्यात सुतार झाले. लग्न केलं नाही. वर्षातून एकदा यायचे, सुकी मासळी आणायचे, घरभर वास करून परत जायचे. पुढं होड्या फायबरच्या झाल्या, कारखान्यातलं लाकूडकाम थांबलं आणि ते हत्यारांची पेटी घेऊन कायमचे घरी आले. तोवर माझे मालक गेले होते आणि मुलगा बायकोपोरांसह पुण्याकडं नोकरीला होता. घरात आम्ही दोघं म्हातारी. वस्तीवर लोक काय बोलायचे ते बोलून दमले.

रिकामे बसवेना म्हणून भावजींनी ओसरीत लहान गलबतं बनवायला घेतली. जुनी, शिडांची, ती पूर्वी लढाईला जायची तशी. फळ्या हातभर लांब, पण वाकवायच्या तशाच, खऱ्या गलबताच्या वाकवतात तशा, वाफ देऊन. त्यासाठी माझं इडलीचं भांडं घेतलं, ते परत दिलं नाही. पहिलं गलबत लहानसं होतं, एकाच डोलकाठीचं. दोऱ्यांना मेण चोळून ते त्यांनी टांगलं. एका उन्हाळ्यात मेणावर एवढी धूळ बसली की दोऱ्या सुरवंटासारख्या दिसायला लागल्या. आमच्याकडं वारा सुटला की भाकरीतसुद्धा कचकच येते. भावजींनी त्या सगळ्या दोऱ्या काढल्या, कोऱ्या सुताच्या बांधल्या आणि म्हणाले, "इथं मेन नको. कोरं सूतच बरं. फडक्यानं झटकलं की साफ." मलाही ते पटलं.

मग कोकणातून त्यांच्या जुन्या जोडीदाराचा फोन आला. दोघं एकाच उस्तादाच्या हाताखाली काम शिकलेले. आता रिकामा कारखाना जोडीदाराच्याच ताब्यात होता. त्यानं आतली मोठी खोली साफ करून भिंतीला एक लांब फळी ठोकली होती. तिथं काम केलेल्या प्रत्येक सुतारानं आपल्या हाताचं एक गलबत द्यायचं. बाकीच्यांची आली होती. "तुझी जागा मधोमध ठेवलीय," तो म्हणाला. "नारळी पौर्णिमेला खोली उघडायची. पण दोऱ्या बांधून आण. दोऱ्या नसतील तर ते गलबत नव्हे, ओंडका."

भावजींनी त्या वर्षी जेवढं मन लावून काम केलं तेवढं मी त्यांना कधी करताना बघितलं नव्हतं. दोन डोलकाठ्या, दोन्ही बाजूंना तोफांची भोकं, मागं सुकाणू, एका अंगाला कोरलेलं. डोलकाठ्या सागाच्या, तासून तासून बोरूएवढ्या केलेल्या. हे सगळं होत असतानाच त्यांचे हात थरथरायला लागले. आधी चहा बशीत सांडायचा, मग अंगावर. मी कप अर्धाच भरायला लागले. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी थोडा फरक पडला, पण सुईत दोरा जाण्याइतका नाही.

दोऱ्यांचं काम म्हणजे निव्वळ सुईदोऱ्याचं काम. एके दिवशी ते सकाळपासून एकाच भोकात दोरा घालत बसले होते. मी निवडायला तांदूळ घेऊन समोर बसले होते. शेवटी मी ताट खाली ठेवलं.

"सरका," मी म्हणाले.

"वैनी, हे गोधडीचं काम न्हाई."

"न्हाई तर न्हाई. बाजेचं तर हाय का न्हाई?"

ते सरकले. आमच्या आळीतल्या निम्म्या बाजा मी विणलेल्या आहेत. सुंभ असो नाहीतर सुती दोरी, ताणून कशी धरायची, कुठं पेच द्यायचा, कुठं गाठ लपवायची, हे मला कुणी शिकवायला नको होतं. फक्त इथं सगळं लहान होतं आणि मला चष्म्यावर भिंग लावावं लागलं.

सूत आम्ही घरीच पिळलं. डोलकाठी जागेवर धरून ठेवणाऱ्या दोऱ्या काळ्या, कारण खऱ्या गलबतात त्यांना डांबर असतं. शिडं वरखाली करणाऱ्या दोऱ्या पांढऱ्या. काळ्या रंगासाठी मी लोखंडी कढईत हिरडा उकळला आणि सूत रात्रभर बुडवून ठेवलं. विकतच्या रंगापेक्षा तो चांगला बसला. डोलकाठीच्या दोन्ही अंगांना दोऱ्यांचे जुडगे येतात, ते खाली तीन भोकांच्या लाकडी चकत्यांत ओवून ताणायचे. मग त्या दोऱ्यांवर शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या दोऱ्या, आणि प्रत्येक पायरीला गाठ. ह्या गाठी बांधताना माणसाचं डोकं बंद पडतं. मला ते आवडलं. डोकं चालू ठेवून मी आयुष्यात फार काही मिळवलेलं नाही.

भावजी शेजारी बसून सांगायचे आणि टोमणे मारायचे. "ढिली हाय वैनी. ताना. ढिली दोरी म्हंजे ढिला मिस्तरी."

"मिस्तरी तुमी. मी न्हाई."

"मग मिस्तरीच्या अब्रूपायी ताना."

मी ताणायची. ते बोटानं टिचकी मारून बघायचे. तार वाजावी तसा आवाज आला की मान हलवायचे. आमच्याकडं ताणलेली गोष्ट चांगली मानतात. बाज ढिली असली तर घरातली बाई आळशी. कडब्याच्या गाडीचा नाडा ढिला असला तर गडी कामचुकार. आम्ही दोघंही त्याच मातीतले. ते इतकी वर्षं समुद्राकाठी राहिले, पण परत आल्यावर चार उन्हाळ्यांत पुरते वाळले होते. चैत्रवैशाखात, अंगावरचा घाम टिपायच्या आत सुकतो अशा हवेत, आम्ही ते गलबत तंबोऱ्यासारखं ताणून बांधलं. मेण लावलं नाही. धूळ बसली असती.

त्या वर्षी आमच्याकडं पाऊस उशिरा आणि नावापुरताच झाला. गलबत पत्र्याखालच्या कोरड्या खोलीत होतं तसं राहिलं.

नारळी पौर्णिमेच्या आधी गावातला एक टेम्पो कांदा घेऊन कोकणात जाणार होता. त्यात खोक्यात गोधडी घालून गलबत ठेवलं. मला जायचं कारण नव्हतं. पण वाटेत एखादी गाठ सुटली तर बांधणार कोण, म्हणून भावजींनी मला बसवलं. घाट उतरायला लागल्यावर हवा ओलसर झाली. माझ्या लुगड्याचा पदर ओल्या भाकरीसारखा मऊ झाला. मला त्याचवेळी समजायला हवं होतं असं कुणी म्हणेल. समजलं नाही. कांद्याच्या वासानं डोकं चढलं होतं.

जोडीदार धिप्पाड, कानात भिकबाळी. माझ्याकडं बघून भावजींना म्हणाला, "काय रे घाटावरच्या, आयुष्यभर बाई नको म्हणालास आणि म्हातारपणी पळवून आणलीस?"

"वैनी हाय माजी. हिनंच दोऱ्या बांधल्यात," भावजी म्हणाले. त्यांनी हे लपवलं असतं तरी मला चाललं असतं.

जोडीदारानं संध्याकाळी गलबत बाहेर काढलं, चारी बाजूंनी बघितलं आणि खोड न काढता मोठ्या खोलीतल्या बाकावर ठेवलं. ते भावजींनी कौतुकच समजलं. फळीवर मधोमध खरोखर जागा रिकामी होती. दोन्हीकडं दुसऱ्यांची गलबतं, मध्ये हातभर मोकळं लाकूड.

सकाळी आम्ही चहा पिऊन खोलीत गेलो. पुढची डोलकाठी धनुष्यासारखी वाकली होती. मागची बुडाशी तडकली होती, उभी चीर, नख शिरेल एवढी. एकही दोरी तुटलेली नव्हती, एकही गाठ सुटलेली नव्हती. काठीनं हार मानली, दोरीनं नाही.

भावजी खालीच बसले. कुणावर ओरडले नाहीत. आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून त्यांच्याकडं बघत राहिले.

"वैनी," ते म्हणाले, "मला दुसरी काठी घडवता यायची न्हाई."

ते खरं होतं. तशी काठी तासणारे हात त्यांच्याकडं आता नव्हते आणि दुसऱ्यानं घडवलेली काठी लावली तर गलबत त्यांच्या हातचं राहत नव्हतं. मग त्या मोकळ्या जागेवर काय ठेवायचं?

मी एका दोरीला बोट लावलं. दगडासारखी घट्ट. मग मला बाज आठवली. उन्हाळ्यात बाज सैल पडली की आम्ही तिच्यावर तांब्याभर पाणी मारतो. दोरी पाणी पिते, फुगते, आखडते आणि बाज घट्ट होते. लहान पोरालाही हे माहीत असतं. इथं पाणी मारायची गरजच नव्हती, हवेतच ते होतं. रात्रभर सगळ्या दोऱ्या पाणी प्याल्या आणि दोन्ही डोलकाठ्यांना खाली ओढत राहिल्या.

जोडीदारानं दोरी नखानं खरवडून बघितली. "मेण कुठाय?"

"धूळ बसती," भावजी म्हणाले.

"इथं कुठली धूळ रे?"

जोडीदार आधी हसला, मग भावजींचं तोंड बघून थांबला. "उस्तादानं तुला पहिल्या दिवशी काय चोळायला बसवलं होतं?" तो म्हणाला.

"मेन," भावजी खाली बघत म्हणाले.

मी पिशवीतून जास्तीच्या काळ्या सुताची गुंडी आणि कात्री काढली. भावजींनी माझा हात धरला. "सगळं कापनार?"

"सगळं न्हाई. काळ्या दोऱ्या. सोडा हात."

"उद्या पौर्निमा हाय."

"मग हात लवकर सोडा."

काळ्या दोऱ्या कापल्याबरोबर पुढची काठी सरळ झाली. साग चांगला होता. मागचीची चीर मात्र मिटली नाही. मी जोडीदाराच्या बायकोकडं खराटा मागितला. तिला वाटलं, मला झाडायचंय. नारळाच्या झावळीच्या हिरांचा, म्हणजे पातीतल्या काड्यांचा, तो खराटा. त्यातल्या दोन चांगल्या हिरा घेतल्या, तुकडे करून चिरेच्या दोन्ही बाजूंना बसवले आणि वरून काळं सूत गुंडाळलं. शेळीचा पाय मोडला की आम्ही बांबूच्या कामट्या लावून असाच बांधतो. शेळी लंगडते, पण चरते.

"पट्टी दिसती," भावजी म्हणाले.

"दिसनारच. जखम हाय."

जोडीदार म्हणाला की भर समुद्रात काठी तडकली की खलाशीही असंच करायचे, फळकुटं लावून दोर आवळायचे. भावजींना ते माहीत होतं. पण खलाशानं बांधलेली पट्टी वेगळी आणि प्रदर्शनाला आणलेल्या गलबतावरची वेगळी, असं त्यांचं म्हणणं. ते बोलले नाहीत, पण मला इतकी वर्षं त्यांचं तोंड वाचायची सवय आहे.

बाकीचा दिवस मी दोऱ्या परत ओवत बसले. या वेळी सूत मेणातून काढलं. मेण चोळायचं काम भावजींनी केलं. त्याला हात थरथरलेला चालतो. दोऱ्या मी त्या ओल्या हवेतच बांधल्या, आणि बोटानं दाबली तर जराशी दबेल इतक्याच ताणल्या. भावजी दोनदा "ढिली" म्हणायला गेले आणि मेण चोळत राहिले. पायऱ्यांच्या सगळ्या गाठी काही झाल्या नाहीत. वरच्या राहिल्या. इतक्या वर कोण चढणार आहे, असं म्हणून जोडीदारानं त्या तशाच सोडून दिल्या.

पौर्णिमेला सकाळी सगळी गलबतं फळीवर लागली. भावजींनी आपलं स्वतः ठेवलं आणि पट्टीची हिरांची बाजू भिंतीकडं, सुकाणूची कोरलेली बाजू पुढं केली. कोळणी जरीची लुगडी नेसून आल्या, नारळ फोडले, मग सगळी समुद्राकडं गेली. मी समुद्र बघितला. खूप पाणी होतं.

घरी आल्यावर भावजींनी पुन्हा गलबत करायला घेतलं नाही. हत्यारांच्या पेटीवर आता माझे पापडाचे डबे असतात. पहिलं लहान गलबत ओसरीत टांगलेलं आहे, कोऱ्या सुताचं. त्याच्या दोऱ्या आता मी रोज बघते. घट्ट असल्या की हवेत ओल आहे, कुरडया वाळत घालायच्या नाहीत. सैल असल्या की घालायच्या. मोबाईलवरच्या हवामानापेक्षा ते बरं पडतं.

दिवाळीनंतर जोडीदारानं मोबाईलवर खोलीचा फोटो पाठवला. भावजींनी तो डोळ्यांजवळ धरला, हात थरथरत होता म्हणून दुसऱ्या हातानं मनगट आवळलं आणि बराच वेळ बघितलं. मग मला दाखवला. त्यांचं गलबत मधोमध होतं. पट्टी पुढं होती.

"फिरवलंय लेकाच्यानं," ते म्हणाले. "माजं कोरलेलं सुकानू गेलं अंधारात आन् तुमची शेळीची पट्टी पुढं."

"फोन करून सांगा की परत फिरवायला."

"ऱ्हाऊ द्या." त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. थोड्या वेळानं परत काढून बघितला. मग म्हणाले, "वैनी, चहा ठेवा. आन् आज कप भरून द्या."

मी चहा केला आणि कप अर्धाच भरला. फोटो बघून काही हात थांबत नाहीत.