डाव्या हातावरचा मार्सेल

गिरीजच्या थेरेसाबाईंना दोनच मुलं, थोरला मार्सेल आणि त्याच्या पाठची डेल्फिन. नवरा लवकर वारला. केळीची वाडी आणि थोडी पानवेल यांवर घर चालायचं. मार्सेलला वाडीत कधी करमलं नाही. रहाटावर बैलामागे चालतानाही त्याचे डोळे खाडीकडे लागलेले असत. एकेचाळीस साली तो मुंबईला गेला आणि एका मोठ्या बोटीवर भटारखान्यात लागला. पुढच्या वर्षी लढाई सिंगापूरपर्यंत आली, आणि विरारचा एक खलाशी घरी येऊन सांगून गेला की ती बोट बुडाली. कोण वाचलं, कोण गेलं, त्यालाही माहीत नव्हतं.

थेरेसाबाईंनी एवढंच ठरवलं की मुलगा गेला असं कोणी बोलायचं नाही. त्याच्यासाठी मृतांची मिस्सा सांगायची नाही, काळं नेसायचं नाही. घरात त्याचं ताट पालथं घालून ठेवलेलं असे, रोज पुसून.

डेल्फिन तेव्हा सतरा-अठरा वर्षांची. आईचं हे वाट बघणं तिला सोसवेना. दादा जिवंत असेल असं मनात आणलं की तिला तो पाण्यात हातपाय मारताना दिसे, आणि गेला म्हटलं तर त्याला ठेवायला कुठे जागाच नव्हती. नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी, सगळं गाव कबरस्तानात मेणबत्त्या लावायला गेलं. डेल्फिननेही एक आणली होती. बापाच्या कबरीवर आधीच आईची जळत होती. दुसरी कोणाची म्हणून लावायची, हे न कळून ती मेणबत्ती पदराखाली धरून तशीच परत आली.

त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीत पुतळाबाई आली. ती गावोगाव फिरून बायकांना गोंदायची. शेजारच्या जयवंतीचं लग्न ठरलं होतं, तिच्या हातावर तुळस काढायची होती. जयवंती आणि डेल्फिन लहानपणापासूनच्या मैत्रिणी, मध्ये फक्त मेंदीचं कुंपण. जयवंतीचा हात धरून बसायला म्हणून डेल्फिन गेली. सुया टोचल्या जात होत्या, जयवंती डोळे मिटून दात आवळून बसली होती, आणि पुतळाबाई तिला समजावत होती, "दागिने काय, चोर नेतील, नाहीतर मेल्यावर पोरं उतरवून घेतील. हे तेवढं आपल्याबरोबर येतं बाई. हे कोणी काढून घेत नाही."

डेल्फिनने चुलीतला कोळसा उचलला आणि आपल्या डाव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्यामध्ये, उजव्या हाताने लिहिलं, मार्सेल. त्याच्यावर एक क्रूस काढला.

"हे गोंद," ती म्हणाली.

पुतळाबाईला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, "नवऱ्याचं नाव का?"

"भावाचं."

"वरती हे काय?"

"आमच्यात कबरीवर असतं ते."

जयवंती म्हणाली, "डेल्फिन, तुमच्यात चालतं का पण? काकूंना तरी विचार."

डेल्फिनने हात पुढे केला होता. तो तिने मागे घेतला नाही.

काजळीचा रंग चढला, हळद लावली, हात सुजला. संध्याकाळी ताटं मांडताना थेरेसाबाईंनी तो पाहिला. त्यांना अक्षरं लागत नव्हती, पण क्रूस कळला आणि क्रुसाखाली काय लिहितात तेही कळलं. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "कोणी सांगितलं तुला, तो गेला म्हणून?"

"कोणी नाही, आय."

"मी त्याचं ताट पुसते आणि तू माझ्यासमोर त्याची कबर घेऊन बसतेस."

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला फादर फर्डिनंड यांच्याकडे घेऊन गेल्या. फादर वयस्कर होते, आवाज चढवणारे नव्हते. त्यांनी हात उजेडात धरून पाहिला.

"मृतांसाठी आपलं अंग टोचू-कापू नये, अंगावर खुणा करून घेऊ नयेत, असं मोशेच्या जुन्या नियमात सांगितलेलं आहे," ते म्हणाले. "तू नेमकं तेच केलंस, मुली."

"पण फादर, मी क्रूस काढलाय. दुसरं काही नाही."

"शोभेसाठी काढला असतास तर मी थोडं रागावलो असतो आणि सोडून दिलं असतं. तुझं दुःख मोठं आहे, म्हणून जास्त बोलतो. ज्यांच्यापाशी आशा नाही त्यांनी दुःख असं अंगात टोचून घ्यावं. आणि तुझ्यावर बाप्तिस्म्याच्या वेळी एक खूण झालेली आहेच. ती कधी पुसत नाही."

"ती दिसत नाही, फादर," डेल्फिन म्हणाली.

फादरांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात सोडला. तिला रोज एक रोझरी म्हणायला सांगितली. ती म्हणायची, पण मणी ओढताना डोळे हाताकडे जायचे आणि प्रार्थना कुठपर्यंत आली ते विसरायची. बावखलाच्या तळ्यावर कपडे धुवायला बायका जमत. तिथे ती बाही वर न करता धूत असे आणि ओल्या बाहीनेच घरी येई.

पंचेचाळीसच्या अखेरीस, लढाई संपल्यावर, मार्सेल परत आला.

वाडीच्या वाटेने एक वाळलेला, टक्कल पडलेला माणूस येताना पाहून डेल्फिनला वाटलं, कोणी भिकारी आहे. थेरेसाबाईंनी त्याला चालीवरून ओळखलं. त्या धावल्या नाहीत. आत गेल्या आणि त्याचं ताट सरळ केलं.

बोट बुडाल्यावर तो जपान्यांच्या हाती सापडला होता. तीन वर्षं त्यांच्या छावणीत कैदी होता. घरात याहून जास्त तो कधी बोलला नाही. त्या दिवशी तो पेज प्यायला बसला. डेल्फिनने वाढायला भांडं डाव्या हाताने पुढे धरलं, आणि बाही मागे सरली.

त्याने मनगट धरलं आणि वाचलं. पुन्हा वाचलं. मग ताट बाजूला सारून तो अंगणात जाऊन उभा राहिला. ती मागोमाग गेली.

"दादा, आम्हाला वाटलं..."

"तिथे माणसं रोज मरायची," तो म्हणाला. "खड्ड्यात टाकायची. कोणाच्या नावाची पाटी नाही, काही नाही. मी एकटाच त्यातून सुटलो असं वाटत होतं. इथे येऊन बघतो तर माझी पाटी लागलेली."

त्यानंतर घराला स्वस्थता नव्हती. मार्सेल घरात झोपेना, ओटीवर पथारी टाकी. काम धरी आणि अर्ध्यावर टाकून खाडीपर्यंत चालत जाई. चर्चमध्ये आला तरी दारापाशीच उभा राही आणि प्रवचन सुरू झालं की निघून जाई. डेल्फिनने लांब बाह्यांची झंपरं शिवून घेतली. वैशाखातही तीच घाली. तरीही ती जवळून गेली की त्याची नजर त्या बाहीवर जाई. एकदा केळीचे घड कापता कापता तो सहज विचारावं तसं म्हणाला, "नाव राहू दे. तो क्रूस तेवढा निघतो का बघ ना."

हे कोणाला विचारायचं? जयवंती सासरी गेली होती. गोंदण बिब्ब्याने जातं असं डेल्फिनने ऐकलं होतं. तिने बिब्बा तापवला, सुईच्या टोकाने त्याचं तेल त्या क्रुसावर लावलं आणि दात आवळून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी कोपरापर्यंत फोड उठले. ताप चढला, हातात पू झाला. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर हात गेला असता. पंधरवडाभर मार्सेल तिच्या खाटेपाशी बसून होता. आल्यापासून एवढा वेळ तो एका जागी कधीच बसला नव्हता.

जखम भरली. क्रुसाच्या जागी ओढलेल्या, चकचकीत कातडीचा एक डाग राहिला. त्याच्याखाली नाव जसंच्या तसं होतं. उलट आता ते जास्तच उठून दिसत होतं.

थेरेसाबाई म्हणाल्या, "क्रूस जाळलास. आपल्या हाताने." त्या रागावल्या नव्हत्या, घाबरल्या होत्या. डेल्फिनही घाबरली होती. बरी झाल्यावर ती एकटीच फादर फर्डिनंडांकडे गेली.

"फादर, गोंदवला तेव्हा चूक झाली म्हणालात. आता मी तो काढला. तीही चूकच का?"

फादरांनी उलट विचारलं, "क्रुसाचा राग आला म्हणून काढलास का?"

"नाही. दादा जिवंत आहे म्हणून काढला."

"मग तू कबर उघडलीस," ते म्हणाले. "तो अपमान नाही. मात्र आता त्या हाताला काही करू नकोस. जसा आहे तसा असू दे. देवाला तुझा हात ओळखता येतो."

तिला बरं वाटलं, पण ते घरी पोचेपर्यंतच टिकलं. मार्सेलने पुन्हा बोटीवर जायचं ठरवलं होतं. सत्तेचाळीसच्या पावसाळ्यानंतर तो गेला. थेरेसाबाई या वेळी रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, इथे तो रोज थोडा थोडा जातच होता.

पुढच्या वर्षी डेल्फिनला नंदाखालचं स्थळ आलं. मुलाचं नाव ॲन्सेल्म, शाळेत मास्तर, बोलायला कमी. दोन्ही घरांना पसंत पडलं. साखरपुड्याच्या दिवशी ॲन्सेल्मच्या आईने, पॉलिनबाईंनी, सुनेच्या हातात बांगडी घालायला बाही वर सारली. जळका डाग आणि त्याखाली पुरुषाचं नाव.

ओटीवरच्या बायका पुढे वाकून बघू लागल्या.

"मार्सेल कोण?" पॉलिनबाईंनी विचारलं.

"माझा भाऊ."

"भावाचं नाव कोणी हातावर लिहितं? आणि वर जाळलंय ते कोणाचं?"

डेल्फिन सांगू लागली, बोट बुडाली, तो मेला असं वाटलं, मग आला, मग क्रूस काढला. खरं होतं ते सगळं, पण सांगताना तिचं तिलाच ते बनवल्यासारखं वाटू लागलं. भाऊ कुठे आहे म्हणून त्यांनी विचारलं, तर तो बोटीवर, कुठल्या बंदरात ते ठाऊक नाही. क्रूस जाळला हे तर पॉलिनबाईंना आणखीनच भयंकर वाटलं. ॲन्सेल्म खाली मान घालून बसला होता. बांगडी परत रुमालात गेली.

पुढची दोन वर्षं डेल्फिनने वाडीच्या कामाला स्वतःला जुंपून घेतलं. पहाटे रहाट, दुपारी पानं खुडणं, मग सुकेळीसाठी केळी वाळत घालणं. स्वस्थ बसलं की हात खाजायचा. गावात तिच्याबद्दल बोलणं होतंच. तिने आता बाही वर करून काम करायला सुरुवात केली. बघायचं त्याने बघावं, असं तिला वाटे, आणि कोणी बघितलं की घरी येऊन पुन्हा बाही ओढून घ्यावीशी वाटे.

पन्नास साली मार्सेल परत आला आणि त्याला हे कळलं. तो उठला आणि पायी नंदाखालला गेला. पॉलिनबाई अंगणात भात पाखडत होत्या.

"मी मार्सेल," तो म्हणाला. "तुम्ही विचारलं होतंत ना, कोण म्हणून?"

त्यांनी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. आईला, बहिणीला, फादरांना कधी न सांगितलेलं छावणीतलंही सांगितलं. ओळख ना देख अशा बाईपुढे ते त्याला का सांगता आलं, कोण जाणे. "माझ्यासाठी कोणीतरी कबर केली होती," तो शेवटी म्हणाला. "मला तेव्हा ते सोसलं नाही. ती मीच मोडायला लावली. डाग तिचा नाही, माझा आहे."

पॉलिनबाईंनी सूप खाली ठेवलं. ॲन्सेल्म दारात उभा होता. त्याचं अजून लग्न झालं नव्हतं.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर तो गिरीजच्या चर्चबाहेर थांबला. डेल्फिनने त्याला पाहिलं आणि सरळ त्याच्यासमोर गेली.

"त्या दिवशी तुम्ही काहीच बोलला नाहीत," ती म्हणाली.

"नाही बोललो. तुझ्यावर विश्वास होता, पण आईसमोर बोलायची छाती झाली नाही."

तिने बाही कोपरापर्यंत वर केली. "हा हात रोज तुमच्यासाठी भाकरी थापणार. लोक विचारतील. तुमच्या शाळेतली मुलं विचारतील. तुम्हाला किळस येईल का?"

त्याने बघितलं. खोटं बोलणं त्याला जमणारं नव्हतं. "थोडे दिवस लागतील," तो म्हणाला.

तिने घरी येऊन आईला होकार सांगितला. त्या उत्तरासाठीच दिला, असं ती माहेरी आलेल्या जयवंतीला म्हणाली.

एकावन्नच्या मे महिन्यात लग्न झालं. मार्सेल चर्चमध्ये शेवटपर्यंत थांबला, मात्र मागच्या भिंतीला टेकून. पुढे तो बोटीवर गेला नाही. नायगावकडच्या मिठागरावर राखणदार राहिला. तिथे दिवसभर बांधावरून चालायचं काम होतं, ते त्याला मानवलं. सणासुदीला तो नंदाखालला येई, भाच्यांसाठी चिंचा-बोरं आणी आणि जेवण झालं की लगेच निघे.

नंदाखालच्या घरी नवी माणसं आली की त्यांची नजर डेल्फिनच्या हातावर जाई. तिने तोंड उघडायच्या आत पॉलिनबाईच सांगायला लागत. भाऊ बोटीवर होता, बोट बुडाली, पोरीने त्याची कबर हातावर केली आणि तो परत आला. दर वेळी त्या नीट पहिल्यापासून सांगत, काही गाळत नसत, साखरपुड्यातली स्वतःची गोष्टसुद्धा. पाहुण्या बायका ऐकून हळहळत, कोणी तो डाग बोटाने चाचपून बघे. सासू हे प्रेमानेच करते, याबद्दल डेल्फिनला शंका नव्हती. तरी ते सुरू झालं की ती चहाचे कप गोळा करून आत जाई आणि बाहेरचा आवाज थांबेपर्यंत तिथेच काही ना काही धूत उभी राही.