मौनाच्या सोमवारी घेतलेला कॅमेरा

लेकीला डॉक्टरकीला जागा मिळू दे, तोवर दर सोमवारी दिवस मावळेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही, असा नवस मी महादेवाला बोलले होते. त्या नवसापायी मी जो घोळ घातला, तो सांगायची लाज वाटते. पण सांगते. तुम्ही काही परके नाही!

आम्ही उदगीरचे. लेक दहावी झाली आणि तिला नांदेडला क्लासला ठेवायचं ठरलं. तेव्हा घरोघरी तेच खूळ होतं. ती जायच्या आत घरात व्हिडिओ कॅमेरा हवा, हा हट्ट माझा. का? भूकंपात माझे वडील गेले. फोटो आहे, भिंतीवर हसताहेत. आवाज मात्र कशातच राहिला नाही. मला हाक कशी मारायचे, ते डोळे मिटून शोधावं लागतं. सासूबाईंचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. लेक त्यांच्याच गोष्टींवर वाढलेली. चित्र कसंही येवो, आवाज खणखणीत हवा!

नांदेडला गेलो तो नेमका सोमवार. हे लेकीला घेऊन क्लासच्या रांगेत उभे राहिले. मला म्हणाले, "समोरच्या दुकानात कॅमेरा पसंत करून ठेव. आलोच."

पसंत करायचा कसा? लिहून दाखवायचं ना, म्हणाल. अहो, लिहिणं म्हणजे बोलणंच की! महादेवाला कळत नाही होय?

दुकानदार चाचा पांढऱ्या दाढीचे, भले गृहस्थ. "बोला ताई, काय दाखवू?"

मी ओठांवर बोट ठेवून मान हलवली. मग कानाला हात लावला, तोंडापुढे बोटं नाचवली. म्हणजे, आवाज चांगला हवा!

चाचांचा चेहरा एकदम मऊ झाला. "अस्सं, अस्सं," म्हणाले आणि त्यांनीही बोलणं बंद केलं. मला केवढं कौतुक वाटलं! परधर्माचा माणूस, पण माझ्या मौनाचा केवढा मान राखला!

त्यांनी काचेच्या कपाटातला एक कॅमेरा काढून पुसला. डोळ्याकडे बोट नेलं, मग दोन बोटं जुळवली. चित्र फर्स्ट क्लास! मग कानाकडे बोट नेलं, हात हलवून नाही-नाही केलं, माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला. मी समजले, आवाजाची चिंता नको म्हणताहेत. जोरजोरात मान डोलावली!

तेवढ्यात हे आले. चाचा म्हणाले, "भाईसाब, ताईंकडं बघून भाव लई कमी केलाय."

बसमध्ये ह्यांची छाती फुगलेली. "न बोलता एवढा भाव पाडलास? आता सातही दिवस मौन धर!"

मंगळवारी सासूबाई कोरं लुगडं नेसून बसल्या. नवरी असताना त्या बैलगाडीतून पडल्या आणि वऱ्हाड तसंच पुढं निघून गेलं, ती गोष्ट तासभर सांगितली. मग आम्ही टीव्हीला जोडून बघतो, तर काय? ओठ हलताहेत, हात हलताहेत. आवाज? नावाला नाही!

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "माझ्याबी तोंडाला मौन लावलंस का गं?"

बुधवारी मी पुन्हा नांदेडला. दुकानात शिरले ती कडाडलेच, "अहो चाचा, यात आवाजच येत नाही!"

चाचांचा चष्मा नाकावरून घसरला. "ताई, तुम्ही बोलून राहिल्या?"

"मग काय!"

"ऐकूबी येतंय?"

"चांगलं येतंय!"

"सुभानल्ला!" चाचांनी कॅमेरा उचलून कानाला लावला. "याचा गेलेला आवाज तुमच्यात शिरला की काय!"

गिऱ्हाइकं गोळा झाली. सगळ्यांदेखत नवस सांगावा लागला. चाचा हसून हसून डोळे पुसायला लागले. "मी तर तुम्हाला मुकं-बहिरं समजून बिघाडाचा पीस दिला. हातानं सांगितलं होतं की, आवाज धरत न्हाई!"

बिचाऱ्यांनी तो परत घेऊन चांगला दिला.

त्याच संध्याकाळी पुन्हा बैलगाडी. यावेळी आवाज आला, खणखणीत आला. माझा! "आई, मोठ्यानं! आई, इकडं बघा! आई, पडलात तेव्हा काय म्हणालात?" सासूबाईंचं एकच वाक्य धड ऐकू येतं, "सांगू देतीस का, भवाने?"

लेक त्याची कॅसेट होस्टेलवर नेऊन तेवढंच पुन्हा पुन्हा लावून हसायची म्हणे.

तेव्हा तुम्हीही तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना असंच समोर बसवा, बोलतं करा. बिघडली टेप तरी चालेल, पण आजच बसवा. शिव्या आल्या तरी येऊ द्यात. आवाज त्यांचाच असतो ना!