मावशीचं कपाळ

मला त्या वर्षांत एकच गोष्ट पाहिजे होती, आणि ती सांगितली तर कुणीही म्हणालं असतं, बस्स, एवढंच? कपाळावरची केसांची कड. बाईची असते तशी, कमानीसारखी खाली उतरलेली, कानशिलापाशी गोल वळलेली. माझी कड कानशिलापाशी आत घुसली होती. दोन्हीकडं दोन खाचा आणि मधी एक टोक. आमच्या बापाची तशी, चुलत्यांची तशी, आज्याची तर पार टाळूपर्यंत मागं गेलेली. मी मुलगा म्हणून जन्मले, मुलगा म्हणून वाढले, विशी उलटल्यावर परभणीत खोली करून बाई म्हणून राहायला लागले. खानदानानं मला सोडलं, पण खानदानाच्या टकलानं काही सोडलं नाही. मागं कमरेपर्यंत शेपटा आणि पुढं मैदान. कपाळ माझं, दुसरं काय!

बाकीच्या गोष्टींचं काही ना काही करता येत होतं. दाढीला चिमटा होता. आवाज खाली ठेवायची सवय झाली होती. मी ब्लाऊज शिवायचे, आणि माझ्या हातचा ब्लाऊज अंगाला बसायचा, त्यामुळं गल्लीतल्या बायकांना सगळं ठाऊक असूनही त्यांची तोंडं बंद होती. आमच्या भागात बाईच्या डोक्यावर पदर असतो, त्यानं माझी लाज राखली. पुण्याकडच्या बायकांसारखं उघड्या डोक्यानं हिंडायची रीत इकडं असती तर मी एक दिवस टिकले नसते. पण पदर काही डोक्याला खिळा ठोकून बसवलेला नसतो. हापशावर पाणी भरताना सरकतो, मशीनवर वाकलं की सरकतो. सारखा आपला हात वर जायचा. झोपेतसुद्धा जायचा. लोकांच्या बोलण्याचा नाही, एवढा मला त्या हाताचा कंटाळा आला होता.

घरच्यांपैकी माझ्याकडं येणारी एकटी आक्का, माझी थोरली बहीण. तिला झरीला दिलेली. बाजाराच्या निमित्तानं परभणीला आली की माझ्या खोलीवर चक्कर टाकायची आणि येताना लेकीला संगं आणायची. ती पोर लहानपणापासून मला मावशी म्हणायची. कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा साडीत बघितलं तेव्हा एवढीशी होती, टकाटका बघितलं आणि म्हणाली, "मावशी, भूक लागली." झालं. झरीत मात्र आक्काच्या सासरी मी मामाच होते, परभणीला कुठंतरी नोकरीला असलेला, कधी न येणारा मामा.

पोरीचं लग्न ठरायला आलं तेव्हा ती माझ्या मशीनपाशी येऊन बसली. म्हणाली, "मावशी, मला पहिली हळद तू लावायची. सांगून ठेवते, न्हाईतर मी पाटावर बसायचीच न्हाई."

मी हसले. म्हणलं, "येडी का खुळी तू? हळदीला बायका पाणी उडवतात, ओढाओढी करतात, कुणाचा पदर जागेवर राहत न्हाई. माझं डोकं उघडं पडलं की तुझं लग्न राहील बाजूला आन् गाव माझाच तमाशा बघत बसंल."

पण ते मनात घुसलं ते घुसलंच. आक्कानं आणि मी बेत केला. मामाला सुट्टी मिळाली नाही असं सांगायचं, आणि मी आक्काची परभणीची मानलेली बहीण म्हणून जायचं. लग्नात मानलेल्या माणसाला कोण विचारतं? मला झरीत कुणी मोठेपणी बघितलं नव्हतं, आणि आमची पालमची माणसं हळदीला नाही, नुसती अक्षतांपुरती येणार होती. अडचण एकच, कपाळाची. ते झाकलं गेलं की मी त्या पोरीची मावशी, चारचौघींत, उजेडात. मला आयुष्यात दुसरं काही नको होतं. खरंच सांगते, नको होतं.

त्याच दिवसांत नामांतरावरून पुन्हा बंद झाला आणि एसटी थांबल्या. आक्का माझ्याकडं अडकली. त्या विद्यापीठाच्या नावापायी मी शाळेत होते तेव्हापासून बघत होते, माणसं मेली, घरं जळाली, तरी नाव बदलत नव्हतं. मी आक्काला म्हणलं, "एवढ्या लोकांनी मागून एक नाव मिळंना, मी तर एकटीच मागायलेय." आक्काला असलं बोलणं आवडायचं नाही. ती म्हणाली, "तू गप. माझ्याजवळ इलाज हाय."

इलाज म्हणजे बिब्बा. आमच्याकडं पायात काटा मोडला, बिब्बा. टाच फुटली, बिब्बा. डोक्याला चाई पडली तरी बिब्बा. तिथं केस येतात म्हणतात. झरीतल्या कुठल्याशा म्हातारीनं आक्काला सांगितलं होतं आणि तिनं पिशवीत दोन-चार काळे बिब्बे टाकून आणले होते. दुपारची वेळ, गल्ली चिडीचूप. आक्कानं बिब्ब्यात सुई खुपसली, चिमणीवर धरली, आणि ते काळं तेल फसफसून वर आलं तसं माझ्या दोन्ही खाचांना लावलं. किती मायेनं लावत होती! एका हातानं माझी हनुवटी धरलेली, तोंडानं फुंकर. "थोडं चुरचुरंल, दम धर. पोरीच्या हळदीपतूर कसे दाट येतात बघ."

बिब्बा उतला. सकाळी माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं, डोळे उघडत नव्हते, कानशिलांवर पाण्याचे फोड आले होते. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. आक्का खोबरं चावून चावून त्याचा चोथा माझ्या कपाळावर लावत होती आणि रडत होती. मला तिचा इतका राग आला होता की तोंड उघडता आलं असतं तर शिव्या दिल्या असत्या. पण ओठही सुजलेले. मग फोड फुटले, खपल्या धरल्या, खपल्या पडल्या, आणि खाली राहिली जाड, चकाकणारी, पांढरट कातडी. आधी निदान तिथं लव होती. आता तीही गेली.

केस रोवणारा डॉक्टर हैदराबादेत आहे हे मला एका गिऱ्हाइकीणबाईनं सांगितलं. तिचा दीर तिकडं होता. मी म्हणलं, रोवतात म्हणजे? ती म्हणाली, मागचे काढून पुढं लावतात म्हणे, रोपं लावल्यासारखे. मला हसू आलं, पण रात्रभराच्या रेल्वेनं मी गेलेच. आक्का आपणहून संगं आली. तिला वाटत होतं, आपण मोडलं ते आपण जोडून द्यावं.

डॉक्टर वयस्कर होता, दमलेला, बोलायला बरा. आधी त्याला वाटलं आक्का पेशंट आहे. मग मी पदर मागं घेतला. त्यानं माझ्याकडं बघितलं, आक्काकडं बघितलं, आणि विचारलं, "आप को कैसे बाल होना?" मी बोटानं कपाळावर कमान काढून दाखवली. त्यानं मान हलवली. हसला नाही. तेवढ्यासाठी मी त्याला जन्मभर दुवा देईन.

मग त्यानं सगळं नीट समजावून सांगितलं. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस सहसा गळत नाहीत, तिथून नळीसारख्या हत्यारानं बारीक गोल तुकडे काढायचे आणि पुढं भोकं पाडून बसवायचे. एका वेळी होत नाही, मधी महिने जाऊ द्यावे लागतात. झाल्यावर कसं दिसतं ते त्यानं एका माणसाच्या फोटोत दाखवलं. सरकी टोकल्यासारखं दिसत होतं, इथं एक झुपका, तिथं एक झुपका, मधी उघडी जमीन. डॉक्टर म्हणाला, पुरुष वर भांग पाडून झाकतात, बाईची कड अशी चालायची नाही, ती मऊ लागते, आणि तेवढं बारीक काम आम्हाला अजून येत नाही. दुसरा इलाज, कानावरची केसाळ कातडी पट्टीसारखी कापून पुढं वळवायची. तिसरा, कपाळाची कातडी थोडी काढून टाकायची आणि टाळूच पुढं ओढून शिवायची. ते मला पटकन कळलं, आम्ही कापडाचं तेच करतो. पण शिवण अगदी पुढं, कपाळावर येणार. आणि माझे केस अजून मागं सरकत होते. ते आणखी सरकले की पुढं शिवण आणि मागं पुन्हा मैदान.

मी विचारलं, "मग काहीच न्हाई?"

तो उठून जवळ आला, कानशिलावरून अंगठा फिरवला आणि थांबला. म्हणाला, इथं तर कातडी जळलेली आहे. इथं रोवलेलं जगायचंसुद्धा कठीण. कुणी लावलं हे?

आक्का म्हणाली, "मी."

एवढं मराठी त्याला कळलं. त्यानं घाईनं सांगितलं की हे जळलं नसतं तरी आज मी तुम्हाला थांबाच म्हणालो असतो. पण आक्काला ते ऐकूच गेलं नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. मी तिला म्हणलं, "आक्का, तो म्हणला ना, तसंही झालं नसतं." ती म्हणाली, "तू माझं मन राखायलीस." आता हिची समजूत मी काढायची! कपाळ माझं जळलं, आणि डोळे हिचे पुसायचे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी डोळे मिटले आणि परभणी येईपर्यंत झोपेचं सोंग घेतलं. मला कुणाचीच समजूत काढायची ताकद उरली नव्हती.

लग्न तोंडावर आलं आणि आक्का एकटीच खोलीवर आली. बसली. पाणी प्यायली. पुन्हा पाणी मागितलं. मी ओळखलं.

"नवरदेवाकडचे इचारायलेत," ती म्हणाली. "मामा कामून येत न्हाई म्हणतात. कुणीतरी काहीतरी कानावर घातलंय. मामा तसला हाय म्हणून लपवायलेत, असं बोलायलेत. पोरीचं लग्न मोडंल गं."

"मग मी काय करू?"

तिनं मला 'मामा हो' असं म्हणलं नाही. ते तिच्या तोंडून निघेना. शेवटी मीच म्हणलं, "फेटा बांधता येतो का कुणाला तुमच्याकडं?" आणि मग ती माझ्या गळ्यात पडून जी रडली! मी काही रडले नाही. त्या दिवशी तिच्या रडण्याचाही मला वैताग आला होता.

हळदीच्या दिवशी मी झरीत मांडवाच्या पुरुषांच्या अंगाला, धोतर-सदऱ्यात, शेपट्यावर घट्ट उपरणं गुंडाळून, पत्ते खेळणाऱ्यांच्या घोळक्यात बसले होते. पडद्यापलीकडं बायका गात होत्या, पाणी उडत होतं, कुणीतरी किंचाळत होतं, "माझा पदर, माझा पदर!" पोर पाटावर बसली. बसणार नाही म्हणाली होती, पण बसली, शहाणी पोर. पहिली हळद तिच्या आत्यानं लावली. शेजारचा म्हणाला, "मामा, पान टाका की." मी टाकलं. काय टाकलं ते बघितलंसुद्धा नाही.

लग्नाच्या दिवशी आक्कानं मला धान्याच्या खोलीत नेलं, दार लावलं, माझा शेपटा टाळूवर गुंडाळला आणि त्यावर स्वतःच फेटा बांधला. भुवयांपर्यंत खाली ओढला. दोन्ही खाचा, जळलेली कातडी, सगळं आत गेलं. आरशात एक बरा दिसणारा मामा उभा होता. मी आरशाकडं पाठ केली.

भटजींनी पुकारा केला, नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं. मी पोरीचा हात धरला. तो गार पडला होता. मांडवातून चालताना ती खालच्या मानेनं म्हणाली, "मावशी, हळू चाल ना गं, शालू पायात यायलाय." वाजंत्री वाजत होती, कुणाला ऐकू गेलं नाही. मी हळू चालले. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि मी रीतीप्रमाणं पोरीच्या पाठीमागं उभी होते.

आणि तेव्हा बाप आला. पालमला त्याचं किराण्याचं दुकान. मी घर सोडल्यापासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. बाजारात एकदा समोरासमोर आलो तर थुंकून पलीकडनं गेला होता. तो गर्दीतून सरळ माझ्याजवळ आला, चारचौघांदेखत माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "शोभलास रं माझ्या वाघा." त्याचे डोळे भरून आले होते.

त्या हातासाठी मी किती वर्षं झुरले होते, आणि तो आला तो जो मी कधी नव्हतेच त्या मुलाच्या पाठीवर. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण त्या क्षणी मला तो हात पाहिजे होता, कुणाच्याही नावानं का असेना. हात लवकर निघू नये म्हणून मी अजिबात हलले नाही.